वर्गात कांजिण्या, घरात नवी किडनी

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांना (वय 44) मार्चमध्ये किडनी बसवली. किडनी सासूबाईंनी दिली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती खाली ठेवणारी औषधं चालू आहेत, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 1.3 वर स्थिर आहे. शनिवारी, 9 ऑगस्टला, पहिलीत शिकणाऱ्या मुलीच्या बाकावरच्या मैत्रिणीला कांजिण्या आल्या. गुरुवारी आणि शुक्रवारी दोघी शेजारी बसल्या होत्या. मुलीला लहानपणी कांजिण्यांच्या लसीचा एकच डोस दिलेला आहे, यजमानांना कांजिण्या येऊन गेल्या की नाही हे कोणालाच आठवत नाही. 27 तारखेला घरी दीड दिवसाचा गणपती, त्याला नणंद दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार. सप्टेंबरपासून यजमान लोकलनं ऑफिसला जायचं म्हणतात. सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. शेवटी त्या विचारतात, ‘लेकीला बाबांच्या कुशीत झोपायची सवय आहे. तिला किती दिवस लांब ठेवू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

लसीबद्दलचं तातडीचं उत्तर तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या घरात हे प्रश्न दर पावसाळ्यात पुन्हा उभे राहतात.

आधी मनातली भीती थोडी कमी करू. मैत्रिणीला कांजिण्या आल्या म्हणून यजमानांना संसर्ग पोचला असं आज होत नाही. आज संपर्कात आली आहे ती मुलगी. तिला लागण झाली असेल तर पुरळ संपर्कानंतर 10 ते 21 दिवसांत दिसेल, आणि पुरळ दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून ती दुसऱ्याला लागण देऊ शकते. म्हणून मोजायचं ते आठव्या दिवसापासून. पहिला संपर्क 7 ऑगस्टचा धरला तर आठवा दिवस येतो 15 ऑगस्टला. शेवटचा संपर्क 8 तारखेचा, त्याचा एकविसावा दिवस 29 ऑगस्ट. 15 ते 29 हे पंधरा दिवस जपायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनानं चौकट करा, म्हणजे घरात सगळ्यांचं एकच गणित राहील.

मुलीचा लसीचा दुसरा डोस राहिलेला आहे, तो बालरोगतज्ज्ञांकडून लगेच घ्यायचा. संपर्कानंतर तीन दिवसांत, उशिरात उशिरा पाच दिवसांत दिला तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. पाच दिवस उलटून गेले तरी डोस घ्याच, पुढच्या वेळेसाठी उपयोगी पडतो. ही लस जिवंत विषाणूची असते, म्हणून ‘घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, नको’ असं काही ठिकाणी सांगतात. ते बरोबर नाही. यजमानांना स्वतःला ही लस चालत नाही, मुलीला चालते, किंबहुना द्यायलाच हवी. फक्त लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठलं तर ते सुकून खपली धरेपर्यंत तिला बाबांपासून दूर ठेवायचं.

आता यजमानांची ट्रान्सप्लांटपूर्व तपासण्यांची फाईल काढा. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या रिपोर्टच्या आसपास ‘व्हॅरिसेला झोस्टर आयजीजी’ असा कागद मिळतो का पाहा. तो पॉझिटिव्ह असेल तर शरीरानं हा विषाणू पूर्वी ओळखलेला आहे, धोका बराच कमी. निगेटिव्ह असेल किंवा कागदच नसेल, तर ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरना आजच फोन करून सांगा आणि तपासणी करायची का ते विचारा. मुलीला प्रत्यक्ष पुरळ येईपर्यंत थांबू नका. पुढे तिला पुरळ आलंच, तर यजमानांना बाहेरून तयार प्रतिपिंडांचं (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन देता येतं. ते संपर्कानंतर 96 तासांच्या आत सर्वांत उपयोगी, फार तर 10 दिवसांपर्यंत देतात. ते सगळीकडे पटकन मिळत नाही, शोधण्यात दिवस जातात, म्हणून आधी सांगून ठेवण्याला इतकं महत्त्व. ते नाही मिळालं तर डॉक्टर अॅसायक्लोव्हिरसारखं औषध सुरू करतात. सध्या व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी चालू असेल तर तेही फोनवर सांगा, निर्णय त्यावर बदलतो.

मोठ्या माणसांत, त्यातही या औषधांवर असलेल्या माणसात, कांजिण्या नुसत्या कातडीवर राहत नाहीत. फुप्फुसात आणि यकृतात उतरतात. कधी कधी आधी पोटात जोराचं दुखतं आणि पुरळ मागून येतं. म्हणून त्या काळात यजमानांना असं पोट दुखलं तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून सोडायचं नाही.

पत्रात काढ्याचा उल्लेख तुम्ही संकोचानं केला आहे. ज्या आईनं किडनी दिली तिच्या हातचा काढा नाकारायचा कसा, हा तुमचा प्रश्न आम्हाला कळतो. पण तो आजच थांबवायला हवा. यजमानांची प्रतिकारशक्ती आजारानं कमी झालेली नाही, डॉक्टरांनी मुद्दाम, मोजून खाली आणली आहे, कारण तीच शक्ती आईच्या किडनीला परकी समजून तिच्यावर चालून जाते. ती ‘वाढवणारं’ काहीही, मग ते काढा असो, चूर्ण असो की टीव्हीवरची गोळी, त्या किडनीच्या विरोधात जाऊ शकतं. शिवाय गुळवेलीचं वेगळं दुखणं आहे: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण टॅक्रोलिमस मुख्यतः यकृतात मोडलं जातं, तेव्हा आपल्या माणसावर हा प्रयोग कशाला? सासूबाईंना एवढंच सांगा, ‘आई, तुमची किडनी टिकावी म्हणूनच हा काढा बंद.’ त्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलंत तर जास्त बरं, पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा. त्यांनी घरासाठी करण्यासारखी मोठी गोष्ट वेगळी आहे: स्वतः फ्लूची लस घेणं.

यजमानांच्या शरीराला भिंत बांधता येत नाही, तेव्हा ती भिंत घरातल्या माणसांची करायची. फ्लूचं इंजेक्शन घरातल्या प्रत्येकानं दरवर्षी घ्यायचं. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून लस मे-जूनमध्ये घेणं उत्तम. यंदा राहून गेली असेल तर आत्ता घ्या, प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणजे हा आठवडा साधला तर गणपतीपर्यंत थोडा आधार मिळेल. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती यजमानांना अजिबात नाही आणि घरात कोणी घेणार असेल तर इंजेक्शनचीच घ्यावी. यजमानांना इंजेक्शन चालतं. त्यांना त्याचा फायदा निरोगी माणसापेक्षा कमी होतो, पण जो होतो तो न्यूमोनिया आणि आयसीयू टाळण्यापुरता महत्त्वाचा असतो. न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस यांची यादी नेफ्रॉलॉजिस्टसमोर (किडनीतज्ज्ञांसमोर) ठेवा. पाच महिने झाले आहेत, ही चर्चा करायची वेळ हीच. नागिणीची ती लस दोन डोसांची असते. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस मात्र त्यांना नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

नणंदेला आजच फोन करा. आधी मुलीच्या संपर्काबद्दल सांगा, कारण 27 तारीख नेमकी त्या पंधरा दिवसांत पडते आणि दोन महिन्यांचं बाळही नाजूक. नणंदेला स्वतःला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तिच्याकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला काही काळ जपतात, नाही तर तिनं या खेपेला न आलेलं बरं. दुसरं म्हणजे, बाळाला दीड आणि अडीच महिन्यांच्या लसीकरणात पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. ते जिवंत विषाणू पुढचे काही आठवडे शीमधून बाहेर पडत राहतात. यजमानांनी बाळाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, लंगोट बदलणं, शी धुणं मात्र त्यांनी करायचं नाही, आणि ज्यानं बदललं त्यानं साबणानं नीट हात धुवायचे. नखांच्या कडा आणि अंगठे बहुतेकांचे राहून जातात, तिथेच लक्ष द्या. वीस सेकंद लागतात.

गणपती बसवा, जरूर बसवा. माणसं वेगवेगळ्या वेळांना बोलवा, एका वेळी एक कुटुंब. आरतीला पंधरा-वीस जण दार लावून एसीत मोठ्यानं गातात तेव्हा खोलीतल्या हवेत श्वासाचे थेंब साठत जातात. खिडक्या सताड उघड्या ठेवा, एका खिडकीत टेबल फॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा म्हणजे आतली हवा बाहेर ओढली जाईल. यजमानांची जागा दुसऱ्या खिडकीशी, जिथून ताजी हवा आत येते तिथे. निरांजनासाठी पंखा बंद करावा लागला तर तेवढी पाच मिनिटं ते गॅलरीत उभे राहून आरती म्हणतील. आमंत्रण देतानाच सांगा, ‘ज्यांना सर्दी, ताप, जुलाब असेल त्यांनी या वर्षी घरूनच नमस्कार करावा.’ कोणाला राग आला तरी चालेल. पाहुण्यांत बहुतेक वेळा एखादा ‘थोडंसं सर्दीचं’ असणारा निघतोच, आणि ट्रान्सप्लांटच्या पेशंटला भोवतो तो तोच.

प्रसादात उकडीचे मोदक वाफेवरचे, गरम असतानाच त्यांना वाढा. पंचामृत नको, कच्च्या दुधा-दह्याचं असतं. एकाच पळीनं हातावर देतात ते तीर्थ नको. तासभर उघडी राहिलेली कापलेली फळं नकोत. आणि एक खास: कोकणातून कोणी माटवीला (गणपतीवर टांगायच्या चौकटीला) लावायला पपनस आणलं तर ते यजमानांनी खायचं नाही. ग्रेपफ्रूटसारखंच पपनस टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं, आणि पातळी वाढली की हाताला कंप सुटतो, किडनीला इजा होते, प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. हे फळ ‘आजारी माणसाला चांगलं’ म्हणून कौतुकानं सोलून दिलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लोकलचं सांगायचं तर सहा महिने पूर्ण व्हायच्या आत गर्दीच्या वेळी जाऊ नये असंच आमचं मत आहे. पहिले काही महिने औषधांचा डोस सर्वांत जास्त असतो. मधे रिजेक्शनचा (शरीर किडनी नाकारू लागल्याचा) उपचार करावा लागला तर हे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ऑफिसला डॉक्टरांचं पत्र देऊन वर्षअखेरीपर्यंत घरून काम किंवा दुपारची वेळ मागून पाहा. जायला लागलंच तर एन-95 मास्क, आणि तो कानाला अडकवायच्या दोऱ्यांचा नको, डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा हवा, कारण तोच चेहऱ्याला घट्ट बसतो. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणायची; एका हातानं चिमटा काढला तर मधे टोक येतं आणि बाजूंनी फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर पुन्हा बसवायचा. दाढी असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, रोज गुळगुळीत करावी लागेल. घामानं किंवा पावसानं ओला झालेला मास्क टाकून द्या, खिशात एक कोरडा असू दे. कितीही चांगला मास्क वडा खाण्यासाठी डब्यात खाली ओढला की त्याचं काम तिथेच संपलं.

घरात कोणाला ताप-खोकला आला तर आजारी माणूस वेगळ्या खोलीत जाईल आणि मास्क लावेल. तुमचं घर दोन खोल्यांचं आहे, तेव्हा आतली खोली यजमानांची, तीच कायम. आजाऱ्याचं ताट-भांडं, टॉवेल वेगळा. बाथरूम एकच असेल तर यजमानांनी आधी वापरायचं, आजाऱ्यानं नंतर, आणि त्यानंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू. घरात फ्लू निदान झाला तर यजमानांना लक्षणं नसली तरी त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला कळवा, प्रतिबंधासाठी ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध द्यायचं का हे ते ठरवतील. त्यांना स्वतःला लक्षणं आली तर हेच औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं की सर्वांत जास्त उपयोग होतो. डोस क्रिएटिनिनवर ठरतो, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घ्यायचं नाही.

उलट्या-जुलाब या घरात साध्या समजू नयेत. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते, अंगातलं पाणी कमी झाल्यानं क्रिएटिनिनही चढतं, म्हणजे किडनीला दोन्हीकडून मार. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर या रुग्णांत महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो, आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. कोणी उलटी केली तर आधी कागदानं टिपून पिशवीत बांधा, मग 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 100 मिली एक लिटर पाण्यात मिसळून ती फरशी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. त्यात फिनाईल किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे काम यजमानांचं नाही. पाण्याचं म्हणाल तर पावसाळाभर उकळूनच. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून येतात, आणि सोसायटीच्या टाकीवर विसंबून राहू नये.

डेंग्यूकडेही लक्ष असू द्या. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघा, मनी प्लांटची बाटली बघा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सगळं ओतून घासून कोरडं करायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपतानाही मच्छरदाणी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. काही विषाणू बाहेरून येतच नाहीत. सीएमव्ही आणि बीके हे आपल्या बहुतेकांच्या शरीरात किंवा मिळालेल्या किडनीत झोपलेले असतात आणि पहारा सैल झाला की उठतात. यजमान घराबाहेर पडलेच नाहीत तरी हे होऊ शकतं, त्यात तुमची कुठलीही चूक नसते. सीएमव्हीसाठीचं व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर महाग आहे, म्हणून लोक महिनाभर आधीच बंद करतात. तसं करू नका, खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, पर्याय निघतो. बीकेला सुरुवातीला लक्षणंच नसतात, रक्त-लघवीच्या ठरलेल्या तपासण्यांतूनच तो सापडतो. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून एकही तपासणी चुकवायची नाही.

तापाचा नियम घरात एकच ठेवा. 100.4 फॅरनहाइट एकदा जरी दिसला तरी तासाभरात फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘सकाळी बघू’ हेच सर्वांत महागात पडतं. प्रेडनिसोलोन ताप दाबून ठेवतं, त्यामुळे 99.5 आणि गळून गेल्यासारखं वाटणं हेही त्यांच्या बाबतीत ताप समजा. चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबून थर्मामीटर जिभेखाली ठेवा, पॅरासिटामॉल द्यायच्या आधी मोजा आणि आकडा व वेळ वहीत लिहा. धाप, ऑक्सिजन 94 च्या खाली, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी कमी होणं, गोळ्या पोटात न टिकणं, यांपैकी काहीही दिसलं तर फोन करत करतच हॉस्पिटलकडे निघा. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आजारपणात मायकोफेनोलेट काही दिवस कमी करायचं का, हे टीम ठरवते.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आणि नेहमीच्या केमिस्टला एक कागद देऊन ठेवा. त्यावर चालू औषधं आणि खाली ठळक अक्षरात, काय द्यायचं नाही: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड, निमेसुलाईड, म्हणजे अंगदुखी-तापावर सर्रास दिली जाणारी सगळी, कारण ती किडनीवर जातात. सासूबाईंनीही ती टाळावीत, त्यांच्याकडेही आता एकच किडनी आहे. घशासाठी दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं. कोविडवरच्या पॅक्सलोविडमधलं रिटोनाविर तर ती इतकी चढवतं की जीवावर बेतू शकतं. नवी कुठलीही गोळी, अगदी साध्या खोकल्याची असली तरी, को-ऑर्डिनेटरना विचारल्याशिवाय तोंडात नाही. बुरशीवरचं फ्लुकोनाझोलही टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं.

शाळेत वर्गशिक्षिकांना भेटून एवढी विनंती करा की वर्गात कांजिण्या, गोवर, गालगुंड किंवा फ्लू कळला की त्याच दिवशी तुम्हाला मेसेज यावा. गोवराच्या बाबतीतही प्रतिपिंडं देता येतात, आणि तिथे हातात असतात सहाच दिवस.

आता लेकीचं. 14 ऑगस्टच्या रात्रीपर्यंत तिनं बाबांच्या कुशीत झोपायला हरकत नाही. 15 पासून 29 पर्यंत ती तुमच्याजवळ किंवा आजीजवळ बाहेरच्या खोलीत झोपेल, जेवण वेगळ्या वेळी, बाबांशी बोलणं दारातून, खिडकी उघडी ठेवून. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी तिची पाठ, पोट आणि केसांतली टाळू पाहा, पहिले फोड बहुतेकदा तिथेच दिसतात: लाल ठिपका आणि त्यावर दवासारखा पाण्याचा थेंब. लस घेतलेल्या मुलांत फोड थोडेच आणि नुसते लाल ठिपके असू शकतात, म्हणून शंका आली तरी फोटो काढून बालरोगतज्ज्ञांना पाठवा. काहीच आलं नाही तर 30 ऑगस्टला सकाळी तिला उठवून सांगा की आज रात्री बाबांकडे झोपायचंय. शाळेतून आल्यावर गणवेश बदलून, हात-तोंड धुऊन मग बाबांना मिठी, एवढं मात्र त्यानंतरही चालू ठेवा.